गोठ्यातला ब्लॉक: पावणेआठ लाख किलोमीटर धावलेल्या एका फियाटचं प्रकरण

हे प्रकरण मालकांच्या परवानगीने लिहितो आहे. त्यांचं नाव, गाव आणि गाडीचा नंबर मुद्दाम गाळला आहे. त्यांना इथे अण्णा म्हणू. मी व्यवसायाने मोटार विम्याचा सर्व्हेअर, आणि अण्णांच्या मुलाचा कॉलेजपासूनचा मित्र. त्यामुळे या गोष्टीत माझं काम पान्याचं नव्हतं, कागद वाचण्याचं होतं.

पार्श्वभूमी

गाडी १९७४ची, आरसी बुकावर पहिली नोंदणी त्या वर्षीच्या ऑक्टोबरची. कागदावर प्रीमिअर, तोंडी फियाट. आमच्या सांगली-मिरज पट्ट्यात आजही कुणी पद्मिनी म्हणत नाही. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. अण्णांनी ती १९८० साली एका डॉक्टरांकडून घेतली. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लागत नसे, आणि ऑनचे, म्हणजे किमतीवरचे जादा, पैसे मोजायची त्यांची ऐपत नव्हती. घेतली तेव्हा मीटरवर ३८ हजार किलोमीटर होते.

अण्णा बियाणं कंपनीचे फिरते प्रतिनिधी होते. पुढे स्वतःची एजन्सी काढली. जत, विजापूर, पंढरपूर, कराड, आणि महिन्यातून दोनदा आंबा घाटाने खाली कोकणात. २००८ पर्यंत वर्षाला सरासरी तेवीस-चोवीस हजार किलोमीटर. एजन्सी बंद केल्यावर फिरणं कमी झालं, थांबलं नाही.

मीटर पाच आकडी. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. म्हणजे आज कुणी डॅशबोर्डमध्ये डोकावलं तर त्याला ही कमी चाललेली गाडी वाटेल. खरा आकडा अण्णांच्या वह्यांत आहे: तारीख, मीटर, पेट्रोल, ऑइल, दुरुस्ती. मीटर सात वेळा शून्यावर आल्याची नोंद आहे, आणि शेवटच्या वेळी पेढे वाटल्याचा खर्चही. सप्टेंबर २०२४ मध्ये या वह्यांप्रमाणे बेरीज ७ लाख ८६ हजार होती. दोनदा मीटरची केबल तुटली, तेव्हाचे काही महिने वहीत रिकामे आहेत. अण्णा ते अंदाजाने भरत नाहीत. "जे लिहिलं नाही ते धावलो नाही," असं त्यांचं म्हणणं. सर्व्हेअर म्हणून मला हा माणूस फार आवडतो.

जगातले मोठे आकडे यापुढे अचाट आहेत. अमेरिकेतले विज्ञानशिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली नवी घेतलेली व्होल्वो पी१८०० आयुष्यभर चालवली आणि ३० लाख मैल ओलांडले. ग्रीसमधले टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साखिनिदिस यांची मर्सिडीज २४०डी ४६ लाख किलोमीटर धावून २००४ साली कंपनीच्या संग्रहालयात गेली. पण गॉर्डन यांचा बराचसा प्रवास महामार्गावरचा होता. जतच्या उन्हात आणि आंबा घाटाच्या पावसात चाललेल्या फियाटचे पावणेआठ लाख मी त्याच रांगेत धरतो.

या दोन गाड्यांतला एक फरक मात्र आमच्या प्रकरणाशी थेट जोडलेला आहे. गॉर्डन यांनी आपलं मूळ इंजिन उघडून, दुरुस्त करून तेच चालवलं. साखिनिदिस इंजिनं बदलत राहिले. अण्णांनी आधी पहिला रस्ता धरला होता, मग दुसरा.

अडचण

अण्णांच्या वहीत इंजिनाचा इतिहास असा आहे: १९८३ साली पहिलं बोअर, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कोरून मोठे करणं, वीस थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). १९८८ला चाळीस. १९९२ला साठ. या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटर. साठ थाऊ म्हणजे त्यात दीड मिलिमीटरची भर. त्यापुढचे पिस्टन बाजारात नव्हते आणि सिलिंडरची भिंतही पातळ झालेली. १९९७च्या मे अखेरीस, ४ लाख ४० हजारांवर, इंजिनाने पुन्हा ऑइल प्यायला सुरुवात केली.

खरीप तोंडावर. जून-जुलैत गाडी उभी म्हणजे वर्षाचा धंदा बुडाला. मिस्त्रींनी दोन रस्ते सांगितले: ब्लॉकला (सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा ओतीव सांगाडा) लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत नव्या नळ्या, बसवायचे, त्याला आठ-दहा दिवस, किंवा भंगारात निघालेल्या गाडीचा चांगला ब्लॉक मिळतोय तो टाकायचा, दोन दिवस. अण्णांनी दोन दिवसांचा पर्याय घेतला. वहीत एक ओळ आहे: "ब्लॉक बदलला. जुना घरी आणला." किंमत लिहिली आहे. बिल नाही.

इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. तो बदलला, आरसी बुकावरचा बदलला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल नोंदवून घ्यावा लागतो. हे अण्णांना माहीत नव्हतं, आणि मिस्त्रींना माहीत असूनही महत्त्वाचं वाटलं नव्हतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारं नूतनीकरण १९९९, २००४, २००९, २०१४ आणि २०१९ला झालं. प्रत्येक वेळी चासी नंबरचा पेन्सिल-ठसा घेतला गेला, इंजिनाकडे कुणी वाकून पाहिलं नाही.

२०२४च्या ऑगस्टमध्ये तीन गोष्टी एकदम आल्या. नोंदणी ऑक्टोबरमध्ये संपत होती. दुसरा ब्लॉकही दोन बोअर खाऊन थकला होता. सकाळी गाडी चालू केली की निळ्या धुरात अंगण बुडायचं, पीयूसीच्या यंत्रावर हायड्रोकार्बन मर्यादेबाहेर. आणि जुनी कागदी नोंद ऑनलाइन चढल्यानंतर मुलाने सहज म्हणून मला पाहायला बोलावलं. मी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, कापडाने तेल पुसलं. ब्लॉकवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर यांत पहिले दोन आकडे सोडले तर काहीच जुळत नव्हतं.

अण्णा ओट्यावर बसून होते. "म्हणजे सत्तावीस वर्षं मी चोरीची गाडी चालवतोय का?"

चोरीची नाही, पण अपघातात कुणाला लागलं असतं तर विमा कंपनीने पहिलं बोट तिथेच ठेवलं असतं. हे मी त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं असं मुलाला वाटलं.

समोरचे पर्याय

*विकून टाकणे.* पुण्याच्या एका संग्राहकाने पावणेतीन लाख देऊ केले होते. मूळ तीन अक्षरी नंबर, एकाच घरात ४४ वर्षं, वह्यांचा ढीग; त्याला हे सगळं हवं होतं. नंबर न जुळण्याची गोष्ट सांगितल्यावर तो सव्वा लाखावर आला. अण्णांनी फोन मुलाकडे दिला आणि गोठ्याकडे निघून गेले.

*व्हिंटेज नोंदणी.* हा मुलाचा आग्रह, आणि खरंच मोहात पाडणारा. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. योगायोग असा की अण्णांच्या गाडीला त्याच ऑक्टोबरमध्ये पन्नास पूर्ण होत होती. पण दोन अटी आड आल्या. एक, गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. दुसऱ्या गाडीचा ब्लॉक घेऊन तिथे कसं जायचं? दुसरी अट अण्णांना जास्त लागली. व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच.

"म्हणजे मंडईत नाही न्यायची?"

"नाही, बाबा."

"मग तिला मानपत्र देऊन घरी बसवायचं म्हणा की."

माझं मत इथे अण्णांच्या बाजूने आहे, आणि ते भावनेचं नाही. उभी राहिलेली गाडी धावणाऱ्या गाडीपेक्षा लवकर मरते. ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा धरतो, टाकी आतून गंजते. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर संस्थानिकांच्या मोटारी असणार. रोज भाजी आणणारी पन्नास वर्षांची फियाट त्यांच्या डोक्यात नसावी.

*इंजिन नंबरचा बदल नोंदवून घेणे.* सरळ मार्ग. पण त्यासाठी तो ब्लॉक कुठून आला याचा पुरावा लागतो. भंगारवाला वारला, दुकान गेलं, बिल मुळात नव्हतंच. ज्या गाडीतून ब्लॉक निघाला तिची नोंदणी रद्द झाली होती की नाही, कोण सांगणार?

*नंबर ठोकणे.* हा पर्याय मिस्त्रींनी हळू आवाजात काढला. आता त्यांचं वय सत्तरच्या पुढे. मुलगा गॅरेज बघतो. "घासून नवा ठोकतो साहेब, कुणाच्या बापाला कळणार नाही." मी नको म्हटलं. घासलेला पत्रा आणि ओतीव लोखंड दोन्ही नजरेला कळतात. मी अशा गाड्या पकडूनच पोट भरलं आहे. शिवाय आजवरची चूक नोंद न करण्याची होती. हे केलं असतं तर तो बनावटपणा झाला असता. अण्णांनी मिस्त्रींकडे फक्त पाहिलं, विषय मिटला.

*नुसत्या पिस्टनच्या रिंगा बदलून वेळ मारून नेणे.* धूर वर्षभर थांबला असता. नंबर तसाच राहिला असता.

पाचही पर्याय कागदावर मांडून मी बसलो होतो. तेव्हा अण्णांच्या पत्नीने चहा ठेवता ठेवता विचारलं, "आणि तो गोठ्यातला?"

मूळ ब्लॉक. १९९७ साली घरी आणलेला. सत्तावीस वर्षं म्हशीच्या दावणीजवळ, पेंडीच्या पोत्यांखाली. आम्ही तिघे पुरुष कायदा आणि कागद यांत इतके गुंतलो होतो की आरसीवरचा नंबर ज्याच्या अंगावर आहे ती वस्तू वीस पावलांवर पडली आहे हे कुणाला सुचलं नव्हतं.

काय केलं

ब्लॉक बाहेर काढला तेव्हा आशा वाटावी असं काही नव्हतं. गोठ्यातल्या ओलाव्याने बाहेरून गंजाचे पापुद्रे. चारही सिलिंडर तांबूस. पाण्याच्या जॅकेटमध्ये माती आणि एक उंदराचं घरटं. पण वायर ब्रश मारल्यावर नंबर स्पष्ट वाचता आला. आरसीशी आकडा न् आकडा जुळला.

मग मिस्त्रींनी ब्लॉक उलटा केला आणि काही न बोलता खाली बसले. तिन्ही मेन कॅप जागेवर होत्या, बोल्ट आवळलेले. १९९७ साली त्यांनीच, सवयीने, आवळून ठेवल्या होत्या. याचं मोल गॅरेजमधल्या माणसाला कळेल. या इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा, तीन मेन बेअरिंगवर फिरतो, आणि त्या बेअरिंगच्या कॅप ब्लॉकसोबतच एका रेषेत बोअर केलेल्या असतात. एका ब्लॉकच्या कॅप दुसऱ्याला चालत नाहीत. त्या भंगारात गेल्या असत्या तर पुन्हा लाइन बोअर, आणि तेही जमेलच असं नाही.

ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात नेला. ऑइल इंजिनांवर हात बसलेली ही वस्ती. चारचाकीचा जुना ब्लॉक पाहून तिथे कुणी नाक मुरडत नाही. क्रॅक टेस्टमध्ये ब्लॉक निर्दोष निघाला. लायनर बसवायचं ठरलं: प्रत्येक सिलिंडर आणखी मोठा करून त्यात ओतीव लोखंडाची नळी दाबून बसवायची आणि आतून हवा तो बोअर काढायचा. ज्या कामाला १९९७ साली आठ-दहा दिवस नव्हते तेच काम.

इथे आमच्याकडून एक चूक होता होता राहिली. मुलाने मूळ मापाला, म्हणजे ६८ मिलिमीटरला बोअर करून टाका असं फोनवर सांगून टाकलं. मशिनवाल्यांनी काम थांबवलं. "पिस्टन आणून द्या, मग बोअर करतो. मापाला पिस्टन शोधायचा नसतो, पिस्टनला माप द्यायचं असतं." बरोबर होतं त्यांचं. मूळ मापाचा चार पिस्टनचा संच कुठेच मिळाला नाही. मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्ट बाजारात तिसऱ्या फेरीला वीस थाऊचा एक जुना, न उघडलेला संच सापडला. त्या पिस्टनांना मोजून बोअर आणि होनिंग, म्हणजे आतली शेवटची बारीक घासाई, झालं.

पिस्टनच्या शोधात सप्टेंबर गेला. मध्ये गणपती. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधी साठ दिवसांत करता येतो; आम्ही अर्ज भरला, पण तपासणीला गाडी न्यायला इंजिनच गाडीत नव्हतं. ऑक्टोबरमध्ये नोंदणी संपली.

बाकीची कामं त्याच वेळी उरकली. ब्लॉकवर बसणारं अॅल्युमिनिअमचं हेड वाकडं झालेलं होतं, फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून घेतलं. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे रबरी पाइप बदलले. पेट्रोलमधलं इथेनॉल वाढत गेलं तसे जुने रबरी पाइप फुगून मऊ व्हायला लागले होते. आता फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना वापरतात ते पाइप टाकले. आमच्याच भागातल्या उसाने आमचीच फियाट आजारी पाडावी, यावर गॅरेजमध्ये दोन दिवस विनोद चालले.

फ्लोअरवर मात्र कुणी विनोद केला नाही. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. इंजिन दहा वेळा उतरवता येतं, पण कडेचे बॉक्स आणि फ्लोअर गंजून गेले की गाडी संपली. कोकणच्या फेऱ्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा चाळणी झाला होता. तो कापून नवा वेल्ड केला. माझ्या हिशेबात या गाडीचं आयुष्य इंजिनापेक्षा त्या दोन फूट पत्र्यावर जास्त अवलंबून आहे, आणि आम्ही तिकडे सगळ्यात शेवटी पाहिलं.

निष्पत्ती

दिवाळीनंतर इंजिन पहिल्या झटक्यात नाही, चौथ्यात चालू झालं. नवं बोअर केलेलं इंजिन हजारभर किलोमीटर हळू चालवून बसवायचं असतं. पण नोंदणी संपलेली, रस्त्यावर काढायची सोय नाही. मग तपासणीला गाडी टेम्पोवर चढवून नेली. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच ती दुसऱ्याच्या पाठीवर बसून गावातून गेली. अण्णा टेम्पोत पुढे बसले नाहीत, एसटीने आले.

निरीक्षकांनी या वेळी इंजिन नंबर पाहिला. आम्ही न सांगता पाहिला. जुळला. पीयूसी, विमा, पर्यावरण कर, ५ हजार नूतनीकरण शुल्क आणि उशिराचा दंड. नोंदणी २०२९ पर्यंत मिळाली.

एकूण खर्च ७१ हजारांच्या आसपास, त्यात मशिनचं काम पाव हिस्साही नाही; मजुरी, पत्रा आणि मुंबईच्या फेऱ्या यांतच पैसे गेले. गाडी आता मंडई, बँक, मळा आणि महिन्यातून एकदा नरसोबाची वाडी एवढं करते. धूर नाही. लिटरला तेरा-साडेतेरा देते. २०२५ साली उच्च सुरक्षा नंबरप्लेट आली, तीन अक्षरी जुना नंबर नव्या प्लेटवर चमकतो. अण्णांना तो परका वाटतो. त्याच वर्षी वीस वर्षांवरच्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क १० हजार झालं. पुढच्या वेळी तेवढे मोजावे लागतील.

पुन्हा करायचं झालं तर

१९९७चा निर्णय चुकीचा होता असं म्हणणं सोपं आहे. मी म्हणत नाही. खरिपात दहा दिवस गाडी उभी करणं त्या माणसाला परवडणारं नव्हतं. चूक ब्लॉक बदलण्यात नव्हती, पुढच्या महिन्यांत होती. ऑगस्टमध्ये, हंगाम सरल्यावर, भंगारवाल्याकडून साध्या कागदावर पावती घेऊन नोंद करून आणता आली असती. तेव्हा भंगारवाला जिवंत होता. किंवा दिवाळीत निवांतपणे जुन्याच ब्लॉकला लायनर टाकून तो परत बसवता आला असता. "सध्यापुरतं" म्हणून केलेल्या कामाला परत जायची तारीख वहीत लिहिली गेली नाही. बाकी सगळं लिहिणाऱ्या माणसाकडून हेच राहिलं.

वह्यांच्या झेरॉक्स आजही नाहीत. तीनदा सांगून झालं.

मी स्वतः एक गोष्ट वेगळी केली असती. नंबर जुळत नाही हे दिसल्यावर मी लगेच विमा आणि अपघात बोललो. आधी "जुना ब्लॉक कुठे आहे?" हा एक प्रश्न विचारायला हवा होता. तो विचारायला मला दोन आठवडे आणि एका चहाची गरज पडली, आणि विचारला तोही मी नाही.

आणि काम सुरू करायची वेळ. मुदत संपायच्या दोन महिने आधी अर्ज करता येतो म्हणून कामालाही दोन महिने पुरतील असं आम्ही धरलं. पन्नास वर्षांच्या गाडीचे पिस्टन शोधायलाच एक महिना लागतो. २०२९साठी मुलाने २०२८च्या दसऱ्याला फ्लोअर तपासायचं ठरवलं आहे. तेव्हा अण्णा त्र्याऐंशीचे असतील. गाडी कोण चालवणार हा प्रश्न घरात अजून कुणी काढलेला नाही. व्हिंटेज नोंदणीचा फॉर्म मात्र मुलाने भरून कपाटात ठेवला आहे. आता इंजिन मूळचं आहे, तो दरवाजा उघडा झाला. अण्णांना तो फॉर्म कुठे आहे हे माहीत आहे.

दुसरा ब्लॉक गोठ्यात गेला, पहिल्याच्याच जागी. या वेळी तो धुऊन, आतून-बाहेरून ग्रीस लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फळीवर ठेवला आहे. तिन्ही मेन कॅप आवळलेल्या. वर तारेने एक पत्र्याचा तुकडा बांधला आहे आणि त्यावर खिळ्याने कोरलं आहे: "मे ९७ ते सप्टें. २४. ३ लाख ४६ हजार. नंबर नोंदीत नाही."